मंडळाच्या कार्यक्रमात 'अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री' म्हणावं का? आणि रेफरेंडमनंतर पुढे काय?

गवतफुला

नमस्कार मंडळी. मेलबर्नच्या ईशान्येकडच्या उपनगरांतलं आमचं मंडळ छोटंसं आहे. यंदा २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि त्याच हॉलमध्ये लगेच हळदीकुंकू असं ठरलंय, कारण हॉल दोनदा घेणं परवडत नाही. कार्यक्रमपत्रिका करताना मी सुचवलं, की गणेशवंदनेच्या आधी दोन ओळींचं अ‍ॅक्नॉलेजमेंट म्हणू: आपण जमलोय ती जमीन इथल्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांची, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा नमस्कार. बस. एवढ्यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत जुंपली होती.

एक काका म्हणाले, "२०२३ला देशाने 'नो' म्हटलंय, विषय संपला." दुसऱ्यांचं म्हणणं, "ऑफिसात प्रत्येक मीटिंगला ऐकतो, सणाला तरी सोडा." एक वहिनी म्हणाल्या, "पोरं शाळेत रोज म्हणतात, मग आपल्या तोंडाला काय झालंय?"

मला इथे दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक तर हे म्हणावं का, आणि का. दुसरं म्हणजे १४ ऑक्टोबर २०२३ला सार्वमतात साठ टक्के लोकांनी व्हॉइस (मूळ रहिवाशांची संसदेला सल्ला देणारी संस्था घटनेत घालायचा प्रस्ताव) नाकारला. सहाही राज्यांत नकार, होकार फक्त कॅनबेराच्या प्रदेशात. तेव्हापासून आमच्या राजधानीत, कॅनबेरात, सगळे चिडीचूप आहेत. रिकन्सिलिएशन (मूळ रहिवाशांशी समेट) नावाचं प्रकरण गुंडाळलं गेलं का? तुम्ही मत काय दिलंत हे सांगायला संकोच नसेल तर तेही लिहा.

कटिंगवाला

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मामलेदार

मी 'नो' दिलं, आणि पुन्हा वेळ आली तरी 'नो'च देईन. कारणं सांगतो, मग काय ते बोला.

घटनेत एका समूहासाठी कायमची वेगळी संस्था घालायची. तिच्यात माणसं किती, निवडायची कशी, अधिकार काय, सगळं "नंतर संसद ठरवेल". अहो, आपण साधा फ्लॅट घेताना करारनामा वाचल्याशिवाय सही करत नाही. दुसरं, माणसाची जन्मावरून वर्गवारी करणं मला मुळातच मान्य नाही. तिकडे नाही, इकडेही नाही.

आणि 'नो' म्हणणारे सगळे वर्णद्वेषी, हा जो सूर लावला गेला त्याचा मला संताप येतो. जॅसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस यांची आई वार्लपिरी या मूळ समाजातली, त्यांनी 'नो'चा प्रचार केला. वॉरन मंडाइन यांनी केला. ते कुठले गोरे? साउथ ऑस्ट्रेलियाने राज्यापुरता व्हॉइस काढलाच. मार्च २०२४मध्ये त्याची निवडणूक झाली, तर दहा टक्केसुद्धा पात्र मतदार फिरकले नाहीत. तुमच्या या सार्वमतावर सुमारे ४५ कोटी डॉलर गेले. तेवढ्यात दुर्गम भागात डायलिसिसची किती यंत्रं बसली असती याचा हिशोब कुणीतरी करा.

दोन ओळी म्हणायला माझी ना नाही. पण मनापासून येत नसेल तर म्हणू नये. रोज उठून म्हटलं की त्याचं भजन होतं.

निखारा

मामलेदारसाहेब, भजनापर्यंत सहमत. बाकीचं एकेक करून घेतो.

घटनेत वंश नको म्हणता, पण तो आधीपासूनच आहे. कलम ५१(२६) अन्वये संसदेला कुठल्याही वंशाच्या लोकांसाठी खास कायदे करता येतात. मूळ मजकुरात अ‍ॅबोरिजिनल लोक (मूळ रहिवासी) त्यातून वगळलेले होते. २७ मे १९६७च्या सार्वमताने ते वगळणं काढून टाकलं, आणि लोकसंख्येच्या गणतीत त्यांना धरायचं नाही असं सांगणारं कलम १२७ रद्द केलं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'येस' म्हटलं होतं. (१९६७ला त्यांना मताधिकार मिळाला असं बरेच जण सांगतात. तो केंद्रीय निवडणुकांसाठी १९६२लाच मिळाला होता.) म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे कायदे करण्याचा अधिकार सरकारकडे आहे, आणि तो फक्त त्यांच्या भल्यासाठीच वापरायचा असं बंधन न्यायालयाने आजवर ठामपणे घातलेलं नाही. व्हॉइसची मागणी एवढीच होती, की असे कायदे करण्याआधी आम्हाला विचारा. ऐकायचं की नाही ते संसदेने ठरवायचं.

आता "घटनेतच कशाला?" याचं उत्तर. १९७३ला पंतप्रधान व्हिटलमच्या सरकारने एक सल्लागार समिती निवडून आणली. फ्रेझर आले, त्यांनी ती मोडून १९७७ला दुसरी केली. हॉक यांनी ती १९८५ला बंद केली आणि १९९०मध्ये ॲटसिक ही निवडून आलेल्या प्रतिनिधींची संस्था आणली. हॉवर्ड यांनी २००५ला ॲटसिक बरखास्त केली, आणि विरोधातल्या लेबर पक्षानेही तेव्हा त्याला साथ दिली होती. प्रत्येक वेळी माणसं नवी, पाट्या नव्या, पुन्हा शून्यापासून सुरुवात. मे २०१७मध्ये मध्य ऑस्ट्रेलियात उलुरूला जमलेल्या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी घटनेचा आग्रह धरला तो या अनुभवातून. मी 'येस' दिलं ते याचसाठी.

ॲटसिकमध्ये घोटाळे नव्हते असं मी म्हणत नाही. पण बँकांमध्ये घोटाळे झाले म्हणून बँकिंग बंद केल्याचं ऐकिवात नाही.

फिरस्ती

घटनादुरुस्ती इथे होतच नाही हो. देशभर बहुमत पाहिजे आणि वर सहापैकी चार राज्यांतही पाहिजे. ४५ वेळा विचारलं, आठ वेळा झालं. दोन्ही मोठ्या पक्षांचं एकमत नसताना एकदाही नाही. तेव्हाचे विरोधी पक्षनेते डटन 'नो' म्हणाले त्या दिवशीच निकाल लागला होता.

अण्णा_परामाटा

मी १९८९ला सिडनीत आलो, त्यामुळे हा सगळा सिनेमा पहिल्या रिळापासून पाहिलाय.

जून १९९२मध्ये माबोचा निकाल आला. मरे बेटावरचे एडी माबो निकालाच्या पाच महिने आधी वारले, त्यांना तो ऐकायला मिळाला नाही. "ही भूमी कुणाचीच नव्हती" हे दोनशे वर्षांचं गृहीतक हायकोर्टाने मोडीत काढलं. त्या वेळी आमच्या गल्लीत काय घबराट! आता हे लोक येऊन आपली परसदारं मागणार. आमच्या शेजारच्या ग्रीक गृहस्थांनी तर वकील गाठला होता. प्रत्यक्षात फ्रीहोल्ड मालकीच्या जमिनीवर नेटिव्ह टायटल (मूळ रहिवाशांचा पारंपरिक जमीनहक्क) लागूच होत नाही. ३० वर्षं उलटली, एकाचंही परसदार गेलं नाही. २०२३ला त्याच अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून मराठीत फिरताना पाहिल्या तेव्हा मी कपाळावर हात मारला.

१९९२च्याच डिसेंबरात सिडनीत रेडफर्नला कीटिंग बोलले. जमिनी आम्ही घेतल्या, मुलं आम्ही हिरावली, असं पंतप्रधान स्वतःच्या तोंडाने म्हणतोय, हे मला तेव्हा अजब वाटलं होतं. मग १९९७ला हिरावलेल्या मुलांवरचा अहवाल आला. १९१० ते १९७० या काळात किती मुलं नेली याचा नेमका आकडा नाही, पण अहवालाचा अंदाज दहातल्या एकापासून तीनातल्या एकापर्यंत आहे. हॉवर्ड "खेद" म्हणायला तयार होते, "सॉरी" म्हणायला नव्हते. त्यांचा शब्द होता प्रॅक्टिकल रिकन्सिलिएशन: माफी वगैरे राहू दे, शाळा, दवाखाने, नोकऱ्या बघू. मला तेव्हा ते पटायचं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

२८ मे २०००ला हार्बर ब्रिजवरून मोर्चा निघाला. अडीच लाख माणूस. पूल पार व्हायला मोर्चाला जवळजवळ सहा तास लागले. आमची मंडळी आणि दोन मुलं, वारा असला की धाकट्याची टोपी पाण्यात गेली. वर विमानाने आकाशात 'सॉरी' लिहिलं होतं. आमच्या ओळखीतली मराठी माणसं त्या पुलावर मला दिसली नाहीत. 'आपला काय संबंध' हे तेव्हाही होतं, त्यामुळे गवतफुला, तुमच्या ग्रुपवरच्या काकांचं नवल वाटत नाही.

सॉरी अखेर म्हटलं ते पंतप्रधान रड यांनी, १३ फेब्रुवारी २००८ला. ऑफिसात कॅन्टीनच्या टीव्हीसमोर आम्ही सगळे उभे होतो.

कटिंगवाला

अण्णा, टोपीचा पंचनामा झाला का?

सिस्टर_सांगलीकर

मामलेदारदादांनी डायलिसिसचं नाव काढलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी फक्त वाचक.

मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या शहरात, किडनीच्या वॉर्डात नर्स होते. त्या भागात किडनी निकामी होण्याचं प्रमाण भयंकर आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-पाच तास. रुग्ण कुठून येतात? किंटोर हे गाव अ‍ॅलिसच्या पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटरवर, रस्ता बहुतेक कच्चा. डायलिसिस लागलं की गाव सुटलं, ते कायमचं. नातवंडं तिकडे, जमीन तिकडे, सगळे विधी तिकडे, आणि म्हातारी इथे भाड्याच्या खोलीत किंवा नदीच्या कोरड्या पात्रात. मशीनची वेळ चुकली की फाइलीत "नॉन-कंप्लायंट" असा शेरा पडायचा. ती का चुकली, हे विचारायला तिची भाषा येणारं माणूस असेलच असं नाही. पिंतुपी, लुरिचा, वार्लपिरी, त्यानंतर कुठेतरी इंग्रजी. मी सांगलीहून आलेली, माझंही इंग्रजी तिसरंच, म्हणून असेल, पण त्या बायका माझ्याशी बोलायच्या. "तुझे लोक कुठले?" हा पहिला प्रश्न. नवऱ्याची नोकरी, घर, पगार यातलं काही नाही. माहेरचं गाव, नदी, आई कुठली, हे सांगितलं की मग हात पुढे करायच्या, सुई टोचायला.

आता पैशाचं. किंटोरला मशीन बसवणं परवडत नाही, सुरक्षित नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. तेव्हा तिथल्या पिंतुपी चित्रकारांनी मोठाले कॅनव्हास रंगवले आणि २००० साली सिडनीच्या आर्ट गॅलरीत त्यांचा लिलाव झाला. दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्यातून त्यांनी स्वतःची संस्था काढली, लोक तिला पर्पल हाऊस म्हणतात. २००४मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. पुढे गावं वाढत गेली, ट्रकवर बसवलेलं फिरतं युनिटही आलं. २०१८मध्ये मेडिकेअरने (सरकारी आरोग्यविम्याने) अशा दुर्गम डायलिसिसचे पैसे द्यायला सुरुवात केली. म्हणजे आधी लोकांनी करून दाखवलं, मग सरकारला जाग आली. तेव्हा दादा, "व्हॉइस की मशीन" अशी निवडच नाही. मशीन कुठे बसवायचं हे ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारत नव्हतं.

मामलेदार

सिस्टर, दंडवत. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. त्यांनी घटनादुरुस्तीविना केलं की नाही? गावागावांत अशा संस्थांना थेट पैसे द्या, मी पहिला 'येस' म्हणेन.

सिस्टर_सांगलीकर

दादा, चित्रं विकता येणारे चित्रकार प्रत्येक गावात नसतात.

टेरिटरीकर

सिस्टर, तुम्ही वॉर्डातून पाहिलंत, मी दुकानातून पाहतोय. माझं अ‍ॅलिसला खाण्याचं छोटं दुकान आहे. किती वेळा काचा फुटल्या ते विचारू नका, विमावाले आता फोन उचलत नाहीत. रात्री अकराला दहा-बारा वर्षांची पोरं रस्त्यावर. मेलबर्नमध्ये बसून अ‍ॅक्नॉलेजमेंटवर चर्चा करायला सोपं जातं.

दारूबंदीचं बघा. २००७पासून अनेक वस्त्यांमध्ये केंद्राच्या कायद्याने दारूबंदी होती. जुलै २०२२मध्ये तो कायदा संपला, मुदत वाढवली नाही. "हा वंशभेद आहे" म्हणून. सहा महिन्यांत शहराची काय अवस्था झाली ते जानेवारी २०२३मध्ये पंतप्रधानांना विमानाने येऊन बघावं लागलं, आणि बंदी परत आणली. बंदी उठवू नका असं सांगणाऱ्या तिथल्याच आज्या होत्या. त्यांचं ऐकलं नाही. त्यामुळे मी 'नो' दिलं तरी "विचारायला हवं होतं" हे मला पटतं. कुणाला विचारायचं हा खरा प्रश्न आहे. कॅनबेरातल्या समितीला की त्या आज्यांना?

निखारा

टेरिटरीकर, तुमचा शेवटचा प्रश्न लाखाचा आहे. पण २००७चं अर्धंच सांगितलंत.

मुलांवरच्या अत्याचारांबद्दल एक अहवाल आला होता. त्याची पहिलीच शिफारस, जे काही कराल ते त्या समाजांशी सल्लामसलत करून करा. हॉवर्ड सरकारने काही दिवसांत सैन्य पाठवलं, गावांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्यावर घेतल्या, भत्त्यातली अर्धी रक्कम ठरावीक दुकानांतच खर्च करता येईल अशी बांधून टाकली, आणि हे सगळं करता यावं म्हणून वंशभेदविरोधी कायदाच त्यापुरता बाजूला ठेवला. तो पूर्ववत व्हायला २०१० उजाडलं. गावाच्या वेशीवर निळे फलक लावले, इथे दारू आणि अश्लील साहित्य आणायला मनाई आहे म्हणून. शाळेत जाणाऱ्या पोरांनी रोज काय वाचायचं, तर आपल्या बापांबद्दलचा तो फलक. दोन्ही पक्षांनी याला पाठिंबा दिला होता. आठ महिन्यांनी त्याच संसदेत माफी मागितली गेली, आणि ही कारवाई, जिला इंटरव्हेन्शन म्हणतात, तशीच चालू राहिली.

टेरिटरीकर

फलक पाहिलेत. गोळ्यांनी भोकं पाडलेले. त्यावर वाद नाही.

डांगी

मी ऑस्ट्रेलियात नाही, पेठ तालुक्यातला कोकणा आहे, पुण्यात नोकरी. इथल्या बऱ्याच जणांचं 'नो' मला आधीच ठाऊक होतं. व्हॉइसचा मसुदा कुणी वाचला नव्हता, आरक्षणाचं भांडण मात्र सोबत घेऊन विमानात बसले होते. "जन्मावरून वर्गवारी नको" हे वाक्य मला कॉलेजपासून पाठ आहे. ते कोण म्हणतं हेही पाठ आहे. मामलेदार, वैयक्तिक घेऊ नका.

पण 'येस'वाल्यांनाही एक सांगतो. आमच्याकडे पेसा कायदा १९९६चा. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करायचीच. महाराष्ट्राचे नियम यायला २०१४ उजाडलं. सल्लामसलत म्हणजे काय, तर बैठकीच्या वहीवर सह्या, त्यातल्या काही सह्या करणारे बैठकीला नसतातच. कायद्यात लिहून हे, तर ज्याचा सल्ला नुसता ऐकून सोडून द्यायचा त्या व्हॉइसने काय उजेड पडला असता? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटलं आणि २००९मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तिथे बांबू कुणाला विकायचा हे गाव ठरवतं. सल्ला आणि हक्क यांत हा फरक आहे. तुमच्याकडच्या त्या सिनेटर लिडिया थॉर्प हेच म्हणत होत्या ना?

निखारा

हो. थॉर्प यांचं म्हणणं, नुसता सल्ला नको, सरकारने आधी आमच्याशी करार करावा. त्यांनी डावीकडून 'नो' म्हटलं. पण टिवी बेटं, वाडेये, पाम आयलंड अशा ठिकाणच्या मतपेट्या उघडल्या तेव्हा तिथे होकारच जास्त होता. कमी मतदान झालं होतं हेही खरं.

जमिनीबाबत तुमचा फरक इथेही लागू आहे. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६च्या कायद्याने मिळालेल्या जमिनीवर खाणीला नकार देता येतो. नेटिव्ह टायटलमध्ये नकार नाही, फक्त वाटाघाटीचा हक्क. मे २०२०मध्ये रिओ टिंटोने ज्यूकन गॉर्ज सुरुंगाने उडवलं. ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा तिथे होत्या. राज्य सरकारची परवानगी रीतसर घेतलेली होती, मालक समाजाला ती अडवायची सोयच कायद्यात नव्हती.

मामलेदार

डांगी, वैयक्तिक घेतलं नाही, पण तुम्ही माझं आडनाव न विचारता जात ठरवलीत. असो. मेंढा-लेखाचा मुद्दा चांगला आहे. मला तो व्हॉइसपेक्षा पटतो.

पर्थकर

पर्थला पाहुणे आले की आम्ही सगळे त्यांना रॉटनेस्ट बेटावर नेतो. क्वोका नावाचा हसरा प्राणी, त्याच्याबरोबर सेल्फी, सायकली, आईस्क्रीम. माझ्या सासूबाईंचा क्वोकाबरोबरचा फोटो अजून फ्रेममध्ये आहे.

त्या बेटाचं तिथल्या मूळ नूंगार लोकांच्या भाषेतलं नाव वाजेमप. १८३८पासून जवळजवळ शतकभर तिथे अ‍ॅबोरिजिनल कैद्यांचा तुरुंग होता. राज्यभरातून सुमारे चार हजार पुरुष आणि मुलगे साखळदंडांनी बांधून आणले, कित्येक किंबर्लीहून, ज्यांनी कधी समुद्र ओलांडला नव्हता. गुन्हा काय, तर बहुतेक वेळा गोऱ्याचं मेंढरू मारलं. ३७०हून जास्त तिथेच मेले, खुणेचा दगडही न ठेवता पुरले. आणि त्या दफनभूमीवर २००७पर्यंत तंबू ठोकून पर्यटक राहायचे. तुरुंगाची अष्टकोनी इमारत २०१८पर्यंत हॉटेल होती, दोन-तीन कोठड्यांची भिंत पाडून एक खोली. मी आधी दोनदा राहिलोय त्यात. बुकिंगच्या कागदावर "हेरिटेज" लिहिलेलं होतं.

म्हणून गवतफुला, माझं मत: म्हणा. पण कॅनबेराच्या साच्यातलं छापील वाक्य नको. आपल्या हॉलच्या जागी पूर्वी काय होतं हे शोधा आणि ते एक वाक्य मराठीत सांगा.

विस्मया_०५

आईने लिंक पाठवली म्हणून लिहितेय, मराठी शुद्धलेखनाला हसू नका. मी मेलबर्नला युनिला आहे. २६ जानेवारीला माझे मित्रमैत्रिणी इन्व्हेजन डेच्या (ऑस्ट्रेलिया डे हा आक्रमणाचा दिवस मानणाऱ्यांच्या) मोर्चाला जातात, मी सकाळी मंडळात जन गण मन म्हणून दुपारी जाते. मला त्यात काही विचित्र वाटत नाही. इंग्रज जिथून गेले त्याचा एक झेंडा आणि जिथे आले त्याचा एक मोर्चा, तारीख तीच. १९३८लाच सिडनीत त्यांनी त्या तारखेला शोकदिन पाळला होता, म्हणजे हे टिकटॉकचं फॅड नाही, आजोबा.

अण्णा_परामाटा

शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे. मला नागरिकत्व २६ जानेवारीलाच मिळालं, हातात गमट्रीचं रोप दिलं होतं. आता कौन्सिलना तो समारंभ तीन दिवस अलीकडे-पलीकडे घेता येतो.

फिरस्ती

अवांतर: मेलबर्नचा विषय निघालाच आहे तर आपला अजिंक्य राहणे. डिसेंबर २०२०ची बॉक्सिंग डे टेस्ट. अ‍ॅडलेडला ३६वर ऑलआउट, कोहली परत गेलेला, आणि राहणेचं शतक. सामनावीराला त्या वर्षीपासून मुलाघ मेडल द्यायला लागले, पहिलं राहणेला. हे जॉनी मुलाघ, खरं नाव उनारिमिन, १८६८ला इंग्लंडला गेलेल्या अ‍ॅबोरिजिनल संघातले. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला पहिला संघटित संघ तोच. ४७ सामने खेळले. परत आले तर १८६९ला व्हिक्टोरियाने कायदा केला: कुठे राहायचं, कुठे काम करायचं, मुलं कुणाजवळ ठेवायची, सगळं मंडळ ठरवणार. लॉर्ड्सवर खेळून आलेल्या माणसांना हिंडाफिरायला परवानगी लागायला लागली.

कटिंगवाला

राहणे निघाला म्हणजे धागा शंभरी गाठणार. मुंबईकरांनो, या.

टेरिटरीकर

मेडल छान, पण आजचं बोला. ऑगस्ट २०२४मध्ये टेरिटरीत सरकार बदललं, गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचं वय बारावरून परत दहावर आणलं. मी त्या पक्षाला मत दिलं. काचा फुटायच्या थांबल्या नाहीत. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराचा दहा वर्षांचा भाऊ आता पोलिसांच्या वहीत आहे, एवढा फरक पडला. पुढे काय करायचं, मला विचाराल तर रात्री उघडं राहणारं काहीतरी पाहिजे पोरांना. जेवण, बास्केटबॉल, कुणीतरी ओळखीचं मोठं माणूस. असं केंद्र चालायचं, निधी संपला की बंद, मग नवीन नावाने चालू.

निखारा

निधीचा हाच खेळ आकड्यांत दिसतो. क्लोजिंग द गॅप (मूळ रहिवासी आणि बाकीचे यांच्यातली दरी मिटवण्याचं सरकारी धोरण) २००८ला सुरू झालं, २०२०ला नव्याने लिहिलं, यावेळी अ‍ॅबोरिजिनल संस्थांच्या सह्या घेऊन. १९ उद्दिष्टं आहेत. प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या २०२५च्या आकडेवारीत चारच वेळेवर पूर्ण होण्याच्या मार्गावर. तुरुंगातल्या प्रौढांचं प्रमाण, सरकारी ताब्यातली मुलं, आत्महत्या, लहान मुलांची वाढ, या चार बाबतीत परिस्थिती उलट बिघडतेय. मूळ रहिवासी लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी, कैद्यांमध्ये साधारण एक तृतीयांश. कोठडीतल्या मृत्यूंवर शाही आयोगाने १९९१ला ३३९ शिफारशी दिल्या होत्या, त्यातली एक महत्त्वाची शिफारस तुरुंगवास हा शेवटचा उपाय ठेवा अशी. त्यानंतर त्यांची पाचशेहून जास्त माणसं कोठडीत दगावलीत.

गवतफुला

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. कमिटीची बैठक झाली, वृत्तांत देते. पर्थकरांची सूचना मांडली. विरोध करणाऱ्या काकांनी अट घातली, की इंग्रजी वाचन नको आणि दोन मिनिटांच्या वर नको. मान्य. हॉलच्या मागे जो ओढा आहे, जिथे आपण गणपती विसर्जन करू नये म्हणून कौन्सिलने पाटी लावलीय, तिथे वुरुंजेरी लोक ईल मासे धरायचे असं कौन्सिलच्याच वाचनालयात सापडलं. ते सांगणार. कोण सांगणार यावरून पुन्हा भांडण, शेवटी काकांनीच नाव दिलं, "मीच सांगतो, तुम्ही पाच मिनिटं लावाल."

वहिनींनी विचारलंय, ज्यांची जमीन म्हणतो त्यांच्यापैकी कुणाला हळदीकुंकवाला बोलावलं का? नव्हतं. आता वेळ कमी आहे. वेलकम करायला वडीलधाऱ्यांना बोलावलं तर त्यांचं मानधन असतं, ते गुरुजींच्या दक्षिणेच्या खात्यातून द्यायचं की नाही यावर खजिनदार विचार करताहेत.

मामलेदार

मानधन द्या, फुकटात बोलावू नका. एक विचारायचं होतं. व्हिक्टोरियाने करार केला म्हणतात तो नक्की काय? माझी मुलगी तिकडे शिफ्ट होतेय. कर वाढणार का?

निखारा

२०२५च्या अखेरीस व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने करार कायदा मंजूर केला. देशातला असा पहिलाच. फर्स्ट पीपल्स असेंब्ली म्हणून निवडून आलेली सभा आधीपासून होती, तिला कायम स्वरूप दिलं, सरकारला सल्ला देण्याचं आणि जाब विचारण्याचं काम दिलं. कायद्यावर नकाराधिकार नाही. खासगी जमिनीला हात नाही. यासाठी वेगळा कर नाही.

क्वीन्सलंडनेही तयारी केली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे सरकार बदललं आणि महिन्याभरात कायदा रद्द, सत्यशोधन चौकशीही बंद. व्हिक्टोरियातले विरोधकही निवडून आल्यास करार मोडीत काढू म्हणताहेत. ॲटसिकचीच गोष्ट, राज्याच्या पातळीवर.

मामलेदार

म्हणजे मुलीला मत द्यावं लागणार यावर.

निखारा

नोव्हेंबर २०२६. पत्ता बदलला की यादीत नाव बदलून घ्यायला सांगा, मत न दिल्यास दंड येतो.